सोलापूरला बिऱ्हाड हलवावे का? निर्णयाआधी करायची तपासणी

पुण्या-मुंबईत घरभाडे आणि मुलांच्या फीमध्येच पगार संपू लागला की अनेक घरांत सोलापूरचा विषय निघतो. कोणाचे आईवडील येथेच राहिलेले असतात, कोणाचे सासर येथे असते, तर कोणाला कंपनीने घरून काम करण्याची मुभा दिलेली असते. सोलापुरात त्याच भाड्यात दुप्पट मोठे घर मिळू शकते, भाजीपाला आणि ज्वारी परवडते, आणि सात रस्ता चौकातून स्टेशनला जायला अर्धा दिवस मोडत नाही, हे सारे खरे आहे. तरीही भाड्यातल्या फरकावरच निर्णय घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. वाचलेला पैसा सगळ्या घराचा असतो, पण नव्या गावात घर चालवण्याचे वाढीव कष्ट बहुतेक वेळा एकट्या माणसाच्या वाट्याला येतात, आणि निर्णयाच्या बैठकीत त्याच माणसाचे सर्वांत कमी ऐकले जाते. म्हणून पुढची सगळी तपासणी घरातील प्रत्येक व्यक्तीचा वेगवेगळा विचार करून करावी.

आधी उत्पन्न, मग खर्च

पहिला हिशेब खर्चाचा न करता उत्पन्नाचा करावा. सोलापूर हे गिरण्यांचे शहर होते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्या. आज येथे चादर आणि टॉवेलचे यंत्रमाग, गणवेश शिवणारे गारमेंट उद्योग, विडी कारखाने, चिंचोळी आणि अक्कलकोट रस्ता येथील औद्योगिक वसाहतींतले कारखाने, रुग्णालये, महाविद्यालये आणि सरकारी कार्यालये यांवर शहराचे पोट चालते. संगणक क्षेत्रातील किंवा मोठ्या खासगी कार्यालयांतील नोकऱ्या मात्र थोड्या आहेत, आणि येथे पदवी घेतलेली मुलेमुली आजही पुण्याची गाडी धरतात. घरात दोघे कमावते असतील, तर दुसऱ्या व्यक्तीची नोकरी ‘तिकडे गेल्यावर बघू’ या भरवशावर सोडू नये. ती नोकरी हातात आल्यावरच सामान बांधावे.

उदाहरणासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. पुण्यात भाडे २६,००० रुपये आहे आणि सोलापुरात तशाच घराला ११,००० पडतात, म्हणजे महिना १५,००० वाचले. परंतु पत्नीला पुण्यात ३५,००० मिळत होते आणि येथे तशाच कामाचे १८,००० मिळाले, तर १७,००० गेले. पतीला दर आठवड्याला एकदा पुण्याच्या कार्यालयात हजेरी लावावी लागते आणि प्रवास, जेवण, एक रात्रीचा मुक्काम धरून प्रत्येक फेरीला २,००० लागतात, म्हणजे आणखी ८,००० गेले. स्वस्त शहरात येऊन हे कुटुंब दरमहा १०,००० रुपयांनी मागे पडले. हेच दोघेही पूर्ण पगारावर घरून काम करणारे असतील, किंवा आईवडिलांचे घर रिकामे असेल, तर हिशेब उलटा होतो आणि सोलापूर खरोखरच परवडते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. पुणे ‘एक्स’ वर्गात आणि सोलापूर ‘वाय’ वर्गात येते, त्यामुळे घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर येतो. मूळ वेतन ५०,००० असेल तर हा फरकच महिना ५,००० रुपयांचा आहे.

पुण्याशी नाते टिकवून राहायचे असेल, तर अंतर नीट समजून घ्यावे. रस्त्याने ते सुमारे २५० किलोमीटर आहे. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापूरहून निघून साधारण चार तासांत पुण्यास पोहोचवते आणि त्याच संध्याकाळी परत आणते. मुंबईसाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आहे आणि फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे. महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला ही सोय उत्तम आहे. आठवड्यातून तीन दिवस जावे लागणाऱ्याने मात्र सोलापूरचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. असा माणूस दोन्ही घरांत पाहुणा होतो आणि मुले, आजारपण, नळाचे पाणी हे सगळे एकट्या जोडीदाराच्या अंगावर पडते.

पाण्याची चौकशी

सोलापुरात घर बघायला जाणाऱ्याने खोल्या मोजण्याआधी पाण्याविषयी विचारावे. शहराला मुख्यतः भीमेवरील उजनी धरणातून पाणी मिळते. धरण शंभरेक किलोमीटर दूर आहे. त्याशिवाय औज बंधारा आणि हिप्परग्याचा तलाव यांचाही आधार आहे. इतके स्रोत असूनही येथे नळाला रोज पाणी येण्याची सवय लोकांना राहिलेली नाही. पाणी काही दिवसांच्या अंतराने, पाळीने सोडले जाते, आणि हे अंतर भागाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलते. उजनीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीविषयी तुम्ही ऐकले असेल. परंतु धरणातून शहरापर्यंत पाणी आणणे हे एक काम आहे आणि शहरातल्या टाक्यांतून तुमच्या गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत पुरेशा दाबाने ते पोहोचवणे हे दुसरे. तेव्हा वर्तमानपत्रातील बातमीवर विसंबून न राहता त्याच गल्लीतील तीन-चार घरी जाऊन विचारावे की पाणी किती दिवसाआड येते, किती वाजता येते, किती वेळ टिकते, आणि मे महिन्यात काय होते.

या चौकशीतून आलेले उत्तर आकड्यांत मांडावे. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात दर माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. चार माणसांच्या घराला पाच दिवसांसाठी त्या हिशेबाने २,७०० लिटर पाणी साठवावे लागेल. गच्चीवर १,००० लिटरची एकच टाकी असलेले घर या परीक्षेत नापास होते, मग त्याच्या फरशा कितीही चकचकीत असोत. जमिनीखाली हौद आहे का, तो आत उतरून साफ करता येतो का, त्याचे झाकण घट्ट बसते का, हे स्वतः उघडून पाहावे. नळ हौदाच्या तोंडापेक्षा वर असेल तर कमी दाबाच्या दिवशी पाणी तेथवर चढत नाही. म्हणूनच जुन्या घरांत नळ जमिनीच्या पातळीखाली खड्ड्यात घेतलेला दिसतो.

पाणी येण्याचा दिवस जवळून पाहिल्याशिवाय त्याचे ओझे कळत नाही. पाण्याची वेळ कधी पहाटेची असते, कधी रात्री अकराची. सुरुवातीचे गढूळ पाणी सोडून द्यावे लागते, मग हौद भरतो, हौदातून मोटरने वरच्या टाकीत चढवायचे, त्याच वेळी वीज गेली तर थांबायचे, आणि पिण्याच्या पाण्याच्या घागरी व पिंप वेगळे भरून घ्यायचे. इतका वेळ घरात कोणीतरी जागे आणि मोकळे असावे लागते. दोघेही सकाळी आठला बाहेर पडणार असतील, तर पाण्याच्या दिवशी घरी कोण थांबणार, हा प्रश्न लग्नकार्यातल्या देण्याघेण्याइतक्या मोकळेपणाने आधीच ठरवून घ्यावा. उत्तर ‘आई बघेल’ असे असेल, तर आईला विचारून मगच ते धरावे.

अपार्टमेंट असेल तर बोअरचे पाणी उन्हाळ्यात टिकते का, आणि गेल्या मे महिन्यात किती टँकर मागवले, हे सोसायटीच्या हिशेबाच्या वहीत पाहावे. बोअरचे पाणी किती जड आहे ते बाथरूममधील तोटीवर आणि बादलीच्या काठावर बसलेल्या पांढऱ्या थरावरून लगेच कळते.

उन्हाळा आणि शेजार

घर पाहायला लोक जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या निमित्ताने येतात. त्या दिवसांत हवा छान असते, सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक असते, आणि सोलापूर कोणालाही आवडेल असे दिसते. निर्णयासाठी मात्र मे महिन्यात आठवडाभर येऊन राहावे, आणि तेही नातेवाइकांच्या बंगल्याऐवजी शक्य तर ज्या प्रकारच्या घरात राहायचे आहे तशाच घरात. पारा चाळिशीच्या वर जातो. वरच्या मजल्याचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. हवा कोरडी असल्यामुळे येथे कूलर चांगला चालतो, परंतु कूलरला रोज पाणी लागते आणि ते नेमके टंचाईच्या महिन्यांत लागते. ही गोष्ट पाण्याच्या हिशेबात धरावी. पश्चिमेला भिंत असलेली झोपण्याची खोली आणि सर्वांत वरचा मजला, हे दोन्ही एकाच घरात असतील तर कमी भाड्यालाही ते घेऊ नये.

भाग निवडताना एकदा दिवसा आणि एकदा रात्री फिरावे. विजापूर रस्ता, जुळे सोलापूर, होटगी रस्ता या बाजूंना नोकरदार वर्गाची वस्ती आणि नवी बांधकामे अधिक आहेत. जुन्या पेठांत बाजार, दवाखाना, शाळा पायी अंतरावर मिळतात. पूर्व भागात यंत्रमागाची खटखट रात्रीही चालू असते, ज्याची सवय असलेल्यांना ती जाणवतही नाही, पण तान्हे बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर ती आधी ऐकून घ्यावी. या भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड कानावर पडते, आणि दखनी उर्दू तर सर्वत्र आहे. मराठीवर कोठेही अडत नाही. उलट दोन-तीन भाषा खेळता खेळता शिकणारी मुले ही या शहराची देणगी आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. शहर बससेवा तोकडी आहे, तेव्हा प्रत्येक कमावत्या माणसामागे एक दुचाकी खर्चात धरावी.

मुले, वृद्ध आणि सून

मुलांची शाळा बदलायची तर जून हाच मुहूर्त. त्यातही दहावीनंतरचा टप्पा सर्वांत सोपा, कारण २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात आणि पसंतिक्रमात सोलापूरची महाविद्यालये घालता येतात. नववी-दहावीत शाळा बदलू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागेवर मूल मोफत शिकत असेल, तर तो प्रवेश नव्या शाळेत आपोआप सोबत येत नाही. तेव्हा आठवीपर्यंतची फी खर्चाच्या बाजूला मांडावी. उच्च शिक्षणाची चिंता तुलनेने कमी आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, वालचंद अभियांत्रिकी आणि २००४ साली स्थापन झालेले, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचे विद्यापीठ शहरातच आहे.

वैद्यकीय सोयींबाबत सोलापूर त्याच्या आकाराच्या मानाने भक्कम आहे. धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर येथूनही रुग्ण येथे येतात. तरीही घरात कोणाला दीर्घ आजार असेल, तर सध्याच्या डॉक्टरांकडून लेखी सारांश घेऊन येथील त्या विषयाच्या तज्ज्ञाला एकदा आधी भेटावे, आणि आरोग्य विम्याच्या कॅशलेस यादीत येथील रुग्णालये आहेत का ते पाहावे.

एका गोष्टीविषयी फार कमी बोलले जाते. सोलापूर हे पतीचे गाव असेल, तर पत्नीसाठी हे स्थलांतर शहराचे असतेच, पण स्वतंत्र संसारातून सासरच्या नजरेखाली जाण्याचेही असते. तिच्याशी हा विषय आईवडिलांसमोर काढू नये. दोघांनीच बसून, वेगळे घर की एकत्र, स्वयंपाक कोणाचा, तिच्या कामाच्या वेळा कोण सांभाळणार, हे नावानिशी ठरवावे. तिचा होकार मनापासून नसेल तर पुढे जाऊ नये.

घर घ्यायचे की भाड्याने राहायचे

पहिले वर्ष भाड्याने राहावे. ११ महिन्यांचा नोंदणीकृत करार करावा आणि पुण्यातील स्वतःचे घर असल्यास ते विकू नये, भाड्याने द्यावे. येथे आल्याबरोबर ‘शहराबाहेर स्वस्त प्लॉट आहे’ असे सांगणारे भेटतील. १९९२ मध्ये महापालिकेत आलेल्या हद्दवाढ भागात आणि त्यापलीकडे गुंठेवारीचे, म्हणजे मंजूर रेखांकनाशिवाय जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकण्याचे व्यवहार पुष्कळ झाले आहेत. नोटरी केलेल्या कागदावर किंवा सातबाऱ्यातील सामाईक हिश्श्यावर पैसे देऊ नयेत. बिगरशेती आदेश, महापालिकेच्या नगररचना विभागाने मंजूर केलेला रेखांकन नकाशा, विक्रेत्याच्या खरेदीची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराचा उतारा), आणि फ्लॅट असेल तर महारेराची नोंदणी, हे पाहून वकिलाकडून मालकीहक्काचा शोध अहवाल घ्यावा. ड्रेनेजची लाइन आहे की शोषखड्डा, आणि अधिकृत नळजोड कोणाच्या नावे आहे, हेही विचारावे. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये लागते, आणि निवासी घर महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.

सामान हलवण्याआधी परतीच्या अटी दोघांनी एका कागदावर लिहून ठेवाव्यात: दुसऱ्या व्यक्तीला किती महिन्यांत काम मिळाले पाहिजे, मासिक बचत किमान किती झाली पाहिजे, पहिल्या उन्हाळ्यात टँकरवर किती खर्च सोसायचा. पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस, भाडेकराराचे नूतनीकरण करण्यापूर्वी, तो कागद काढून एकेक आकडा तपासावा आणि घर विकत घेण्याचा विचार त्यानंतरच सुरू करावा. तोपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला, गॅस जोडणी, शिधापत्रिका, आधारचा पत्ता आणि मतदार यादीसाठीचा नमुना ८ ही कामे सवडीने करता येतात. वाहनाचा नवा पत्ता मात्र ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयात कळवावा लागतो. राज्यातल्या राज्यात असल्यामुळे पुण्याची एमएच-१२ ची पाटी बदलण्याची गरज नाही.