एका वावरात दोन घोडे सोडताय? या चुका टाळा

दत्तजयंतीची सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा उलगली की आठ-पंधरा दिवस माझा फोन थांबत नाही. "दादा, नवी घोडी आणली, पण जुनी तिला जवळ फिरकू देत नाही. चावते, लाथा झाडते. काय करू?" मी एकच विचारतो, आणल्यावर कितव्या दिवशी एकत्र सोडली? पलीकडे जरा शांतता, मग ठरलेलं उत्तर: "त्याच दिवशी संध्याकाळी."

लाखभर रुपये मोजून जनावर आणायचं आणि तीन आठवडे थांबायचं म्हटलं की जीव वर येतो, असली ही घाई. पण दुसऱ्यांना बोलायला मी मोकळा नाही, कारण हीच चूक मी स्वतः करून बसलोय.

माझी जुनी घोडी राणी, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, स्वभावाने शहाणी. तिला जोड म्हणून यात्रेतून एक अबलख, म्हणजे दोन रंगांच्या ठिपक्यांची, घोडी आणली. पिकअपमधून उतरवली तेव्हा दिवस मावळत आला होता. तापीकाठचं अर्ध्या एकराचं वावर, एका अंगाला केळी, बाकी तिन्ही बाजूंनी काटेरी तार. तोंडावरची मोरकी काढली आणि दिली सोडून. शेजारचे आप्पा बांधावर बसून म्हणाले, "लढू द्या त्यासले, चार दिनमा गोडीमा येतीन." मलाही तेच ऐकायचं होतं.

राणीने कान पाडले आणि मान लांब करून तिच्यावर गेली. अबलख तारेच्या कडेकडेने पळाली आणि कोपऱ्यात जाऊन अडकली. पुढे तार, मागे राणी. राणीने पाठ फिरवली आणि दोन्ही पाय एकदम झाडले. जखम झाली रुपयाएवढी, मागच्या पायाच्या मोठ्या सांध्याच्या वर, आतल्या अंगाला. थोडी लंगडत होती. हळद-तेल लावलं, रात्रभर बांधली. तिसऱ्या दिवशी बरी चालायला लागली म्हणून परत सोडली. पाचव्या दिवशी पहाटे बसलेली घोडी उठायला गेली आणि तिथेच पाय मोडला. अख्ख्या घोड्याचं वजन पेलणारं ते हाड, पुन्हा सांधण्यासारखं राहिलंच नव्हतं. डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा आप्पाही होते. कोणीच काही बोललं नाही.

त्या जागी आतल्या बाजूला हाडावर मांस नसतं, नुसती कातडी. लाथ बसली की हाडाला बारीक चीर जाऊ शकते आणि घोडा चार-दोन दिवस त्याच पायावर चालतोही. मग कधीतरी बसता-उठताना सगळा भार त्या चिरेवर येतो. म्हणून जखम केवढी आहे यापेक्षा कुठे आहे ते आधी बघा. तिथे खूण दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर, शक्य असेल तिथे एक्स-रे, आणि ते 'सोडा' म्हणेपर्यंत घोडा बसणार नाही असा बांधून ठेवायचा. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका, घोड्याला तो फार लवकर होतो.

आता माझी पद्धत. पहिले तीन आठवडे नवं जनावर एकदम वेगळं: बादली वेगळी, खरारा वेगळा, माणूस एकच असेल तर नव्याचं काम शेवटी. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, त्यामुळे रक्त तपासून घ्या, यात्रेतल्या व्यापाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. मग मधे चार-पाच हात मोकळी जागा ठेवून शेजारी बांधायचं. वास घेतात, किंचाळतात, घेऊ द्या. नवं जनावर निवांत कडबा खायला लागलं, जुनं त्याच्याकडे पाठ करून उभं राहिलं, की पुढचं पाऊल.

सोडायचं सकाळी, दोघांची पोटं भरलेली असताना. मागच्या पायांचे नाल आधी काढून घ्यायचे. आणि सोडायच्या आदल्या दिवशी कोपरे मोडायचे. केळीला टेकू देतात ते बांबू घ्या आणि कोपऱ्यात तिरपे आडवे बांधा. पळणारा घोडा त्यांच्या कडेने वळून बाहेर निघतो, अडकत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते करताना मी अजून फारसं कोणाला पाहिलेलं नाही.

सोडल्यावर तिथेच थांबा, पण मधे पडू नका. काठी घेऊन दोघांमधे शिरणारा शूर माणूस हमखास दवाखान्यात जातो. कान पाडणं, किंचाळणं, दहा-वीस पावलं हाकलणं हे चालायचंच. मारवाडी घोड्याचे कान टोकाशी एकमेकांकडे वळलेले असतात, ते मागे गेले की लांबूनही कळतं. समोरचा बाजूला झाल्यावर हाकलणारा थांबला, तर तुम्ही नुसतं बघत राहा. बाजूला झाला तरी पाठलाग संपतच नाही, किंवा पाठ करून उलटा चालत अंगावर जातोय, तर त्या दिवसापुरतं बस्स. पुन्हा आठवडाभर शेजारी बांधा. असं दोनदा करावं लागलं तरी लाज वाटून घेऊ नका.

दुसरी चूक कडब्याची. वावराच्या मधोमध एक ढीग टाकायचा आणि मग "ही घोडी खुनशी आहे" म्हणायचं. अहो, भुकेली आहे ती. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो. त्याचं पोट लहान, आणि रिकामं असलं तरी आम्ल तयार होत राहतं. त्याला सकाळ-संध्याकाळ दोन पेंढ्या टाकल्या की प्रत्येक पेंढीवर लढाई होणारच. चारशे किलोच्या जनावराला दिवसाला सहा ते आठ किलो कोरडा चारा लागतो. चैत्र-वैशाखात कडबा महाग होतो हे मलाही माहीत आहे, मीही विकत घेतो. परवडत नसेल तर दुसरा घोडा घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

ढीग जनावरांपेक्षा एक जास्त ठेवा: दोन घोडे, तीन ढीग, दर दोन ढिगांत दहा-बारा पावलं. दांडगा एकावरून दुसऱ्यावर जाईल तेव्हा गरीब मोकळ्या राहिलेल्या ढिगावर येतो, आणि कोणाला कोणाला मारायची गरज उरत नाही. हरभरा, ढेप उघड्यावर कधीच नाही. दोघांना लांब लांब बांधून, एकाच वेळी तोबरे चढवा. एकाला आधी आणि दुसऱ्याला मग दिलंत तर पुढचं तुमच्या नशिबात.

बाकीच्या चुका थोडक्यात. हौद कोपऱ्यात बांधू नका, दोन-तीन बाजूंनी पोचता आलं पाहिजे. मे महिन्यात त्रेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत एकाच निंबाची सावली असेल तर भांडण सावलीवरून आहे, स्वभावावरून नाही. एक ताडपत्री टाका. मोरकी घालून मोकळं सोडू नका, दुसऱ्याचा खूर त्यात अडकतो. भांडखोराला पायबंद घालून सोडायचा जुगाड अजूनही चालतो. तो पडला, पाय गेला, की मग फोन येतो. खच्ची न केलेला नर आणि घोड्या एकत्र ठेवायच्या नाहीत. माज साधारण एकवीस दिवसांनी येतो आणि पाच-सात दिवस टिकतो, तेवढ्यात कुंपणाची काय दशा होते ते बघितलंय मी. शिंगरू असलेली घोडी वेगळीच बरी.

आणि वर्षानुवर्षं गरीब असलेला घोडा अचानक चावायला लागला, तर आधी दात, पाठ आणि डोळे तपासा. एका डोळ्याने अधू घोड्याला दुसऱ्याने पाडलेले कान दिसत नाहीत, तो सरळ अंगावर जातो आणि मार खातो. लोक त्यालाच उद्धट म्हणतात.

राणी अजून आहे. तिच्याजवळ आता एक नुकरा, म्हणजे पांढरी, घोडी असते, तिला सव्विसाव्या दिवशी सोडली. संध्याकाळी हौदावर आधी राणीच पिते. नुकरा चार पावलं मागे थांबते, कान पुढे, आणि राणी वळली की मग तोंड घालते.