कबड्डीचा कोच पोरांना काय आणि कसं सांगतो, ते बसून मोजायचं कसं

कोच चांगला की नाही हे आपल्याकडे दोन गोष्टींवरून ठरतं, टीम जिंकली का आणि मैदानावर त्याचा आवाज किती चढतो. पोरांना त्यातून काय शिकायला मिळालं हे दोन्हीवरून कळत नाही. क्लबचे सेक्रेटरी, शाळेतले पीटी सर, नवीन कोचवर लक्ष ठेवणारे जुने खेळाडू, ज्यांना कुणाचं तरी कोचिंग बघून मत द्यावं लागतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं कबड्डीची आहेत पण खो-खो, फुटबॉल, व्हॉलीबॉलला पण हेच चालतं.

आधी कोचला सांगा की मी येऊन बसणार आहे आणि लिहून घेणार आहे. लपून बघायचं नाही, एकदा कळलं की तो माणूस तुमचं पुढे काहीच ऐकणार नाही. व्हिडिओ काढायचा असेल आणि पोरं अठराच्या आतली असतील तर पालकांना विचारा. पहिल्या दिवशी कोच जपूनच बोलतो, त्यामुळे तो दिवस धरू नका, पुढची दोन-तीन सेशन्स बघा.

बसायचं जवळ. ओरडलेलं लांबूनही ऐकू येतं, पण कोच एखाद्या पोराला लॉबीच्या (मैदानाच्या कडेच्या पट्टीच्या) बाहेर घेऊन खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात जे सांगतो ते हुकतं, आणि बऱ्याचदा खरं कोचिंग तिथेच होत असतं. जमलं तर कोचच्या शर्टाला छोटा कॉलर माइक लावा आणि मोबाईल त्याच्या खिशात द्या.

कागदावर पाच कॉलम आखा: वेळ, कुणाला, कशाबद्दल, कुठल्या प्रकारे, आणि पुढे काय झालं. प्रकार कसे ओळखायचे ते एका चुकीवरून सांगतो. रेडरने (चढाई करणाऱ्याने) बोनस रेषा ओलांडली पण मागचा पाय जमिनीवरच राहिला, पॉइंट मिळाला नाही. कोच नुसतं "अरे काय चाललंय तुझं" म्हणाला तर तो ओरडा. "मागचा पाय उचल" म्हणाला तर सूचना. "किती वेळा सांगू, मागचा पाय उचल" म्हणाला तर ओरडा अधिक सूचना, ही वेगळी खूण करा, कारण यात चिडचिड असली तरी पोराला करायचं काय ते कळलंय. "पॉइंट का नाही मिळाला सांग" हा प्रश्न, मॅटवर येऊन पाय टाकून दाखवला तर प्रात्यक्षिक. आणि कोचने चूक बघितली पण काहीच बोलला नाही तर तेही लिहायचं, प्रकाराच्या कॉलममध्ये त्याला "गप्प" अशी खूण ठेवा. शाबासकीचे पण दोन भाग करा, नुसतं "शाब्बास" वेगळं आणि "शाब्बास, कॉर्नर आत येईपर्यंत थांबलास" वेगळं (कॉर्नर म्हणजे कडेचा बचावपटू). "चल चल, पाय हलव" हे ढकलणं झालं, त्याला सूचनेत टाकू नका.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा कॉलम "कुणाला" हा आहे. सेशन संपल्यावर प्रत्येक पोराच्या नावापुढे किती खुणा आल्या ते बघा, आणि सगळ्यात आधी ज्याच्यापुढे एकही खूण नाही त्याचं नाव शोधा. मेन रेडरला आणि उजव्या कॉर्नरला भरपूर मिळतं, बाकीची पोरं दोन-दोन तास मॅटभोवती घाम गाळतात आणि त्यांचं नाव सुद्धा कुणी घेत नाही, मग ती सोडून गेली की आपण म्हणतो आजकालच्या पोरांना आवडच नाही. दुसरा महत्त्वाचा कॉलम शेवटचा: सांगितल्यावर पोराला लगेच तेच परत करायला मिळालं का? अँकल होल्डला (रेडरचा घोटा धरायची पकड) पाय कुठे पकडायचा ते सांगितलं आणि पोरगं रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहिलं तर ते सांगणं तिथेच विरलं.

मॅचमध्ये वेगळं बघा. रेड ३० सेकंदांची, त्यात बाहेरून चार जण चार गोष्टी ओरडत असतात, रेडरपर्यंत त्यातलं काय पोचणार? टाइमआउटमध्ये कोच किती वेगवेगळ्या गोष्टी सांगतो ते मोजा आणि मॅच संपल्यावर दोन-तीन खेळाडूंना विचारा की काय सांगितलं होतं.

तुमच्या मोजण्यावर भरवसा ठेवायचा की नाही हे पण तपासायला लागतं. तोच दहा मिनिटांचा व्हिडिओ दुसऱ्या माणसाला द्या, दोघांनी वेगवेगळ्या खुणा करा, जितक्या जुळल्या त्याला एकूण खुणांनी भागून शंभरने गुणा. ८० च्या खाली आलं तर प्रकारांची व्याख्या परत ठरवा.

आकड्यांचा अर्थ लावताना घाई नको. अमेरिकेत यूसीएलएचे बास्केटबॉल कोच जॉन वुडन यांची १९७४-७५ ची प्रॅक्टिस थार्प आणि गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी अशीच बसून मोजली, तर त्यांच्या बोलण्यातलं साधारण ७५ टक्के निव्वळ माहितीचं निघालं, कौतुक आणि रागावणं दोन्ही सात-सात टक्क्यांच्या आत. त्या सीझनला ते चॅम्पियन झाले. पण ते कॉलेजचे तयार खेळाडू होते, दहा वर्षांच्या पोरांना नुसत्या सूचना देऊन चालणार नाही, त्यांना कौतुक जास्त लागतं.

पोरांना विचारणं तर सोडूच नका. वॉशिंग्टन विद्यापीठात स्मिथ आणि स्मॉल यांनी लहान मुलांच्या बेसबॉल कोचेसवर असं काम केलं, त्यात कोच स्वतःबद्दल जे सांगायचे त्यापेक्षा मुलांनी सांगितलेलं प्रत्यक्ष नोंदींशी जास्त जुळलं. शिक्षा सोडली तर आपण काय करतो याचा कोचला फारसा पत्ता नव्हता.

म्हणून कोचशी बोलायला बसाल तेव्हा कागद लगेच पुढे करू नका. आधी त्याला अंदाज विचारा, कुणाशी सगळ्यात जास्त बोललात, कुणाशी कमी, शाबासकी किती वेळा दिली. मग आकडे दाखवा. पोरांसमोर किंवा कमिटीसमोर तर अजिबात नाही, दोघंच बसा. दहा चुका सांगू नका, बदलायची एकच गोष्ट त्यालाच निवडू द्या, आणि तीन-चार आठवड्यांनी परत जाऊन बसा. तेव्हा सेशन त्याच प्रकारचं निवडा, पकडींच्या सरावाची तुलना पकडींच्या सरावाशीच करा, टूर्नामेंटच्या आदल्या दिवशीच्या हलक्या सेशनशी नको.