अमेरिकेत घराचा डीड नावाने सापडत नसेल तर
काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोर्टहाउसच्या रेकॉर्डमध्ये घराचा डीड, म्हणजे मालकीचा दस्त, शोधायला गेलं की आपल्या नावाने सापडतच नाही, कारण आपली आडनावं तिथे कशीही टाइप झालेली असतात, कधी वडिलांचं नावच आडनाव होऊन बसतं.

१. ग्रँटी म्हणजे घेणाऱ्याच्या इंडेक्समध्ये (नावांच्या यादीत) आडनावाची पहिली ३-४ अक्षरंच टाका. बऱ्याच काउंटीजचा इंडेक्स ऑनलाइनही बघता येतो.
२. नाहीच मिळालं तर उलटं करा, ज्याच्याकडून घर घेतलं त्याचं नाव ग्रँटर म्हणजे देणाऱ्याच्या इंडेक्समध्ये टाका. मला तरी इथेच सापडलं.
३. सापडलं की नोंदीचा बुक-पेज (नोंदवही आणि पान) किंवा डॉक्युमेंट नंबर लिहून घ्या, काउंटरवर तोच सांगायचा.

आणि हो, घर घेतल्यावर डीडच्या कॉपीसाठी शंभरेक डॉलर मागणारी सरकारी दिसणारी पत्रं येतात, ती सरळ कचऱ्यात टाका, काउंटीकडे साधी कॉपी त्याहून खूप स्वस्तात मिळते.