घरी बांधलेल्या विमानाचे इंजिन हवेत बंद पडते तेव्हा: या चुका टाळा

हौशी बांधणीकार इंजिन निवडण्यात वर्षभर घालवतो आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची (इंधन आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागापर्यंतची) नळी मात्र एखाद्या रविवारी दुपारी बसवून मोकळा होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये अशा विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा इंजिन व त्याच्याशी निगडित यंत्रणेतील बिघाड आणि हवेत नियंत्रण सुटणे, ही अपघातांची दोन ठळक कारणे पुढे आली. ही दोन कारणे एकमेकांपासून फार लांब नाहीत. पहिल्यातून दुसरे कसे उद्भवते, हे एका गाजलेल्या अपघातात स्पष्ट दिसते.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांचे लाँग-ईझी हे घरी बांधलेल्या प्रकारातले विमान कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळले. विमान त्यांनी स्वतः बांधलेले नव्हते, नुकतेच विकत घेतले होते. डाव्या-उजव्या टाकीची निवड करणारी मूठ मूळ आराखड्यात वैमानिकाच्या समोर होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली. इंधनाची नळी कॉकपिटमध्ये नको, हा त्यामागचा विचार वरवर शहाणपणाचाच होता, आणि माझ्या मते असे सद्हेतूने केलेले बदलच सर्वांत घातक ठरतात, कारण त्यांच्याविषयी कोणी शंका घेत नाही. एका टाकीतले इंधन संपून इंजिन अडखळले की दुसरी टाकी जोडायला हीच मूठ फिरवावी लागते. त्यासाठी उजवा हात स्टिकवरून (विमान वळवण्याच्या दांड्यावरून) काढून, शरीर वळवून मागे न्यावा लागे आणि त्या पिळात उजवा पाय रडरच्या (शेपटाकडील सुकाणूच्या) पेडलवर दाबला जाऊन नियंत्रण सुटण्याचा धोका होता. मुठीवर खुणा नव्हत्या, इंधनाची पातळी दाखवणाऱ्या काचांवरही आकडे नव्हते आणि उड्डाणापूर्वी इंधन भरले गेले नाही. तपासात या सर्व गोष्टींची नोंद झाली, त्याचबरोबर या प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण अपुरे असल्याचीही. म्हणून जुने विमान घेणाऱ्याने पट्टे बांधून, डोळे मिटून प्रत्येक मूठ हाताला लागते का, हे जमिनीवरच पाहावे.

दुसरी चूक इंधनप्रवाह न मोजण्याची आहे. जमिनीवर पूर्ण शक्तीने चालणारे इंजिन चढताना अडखळत असेल, तर आधी नाक चढणीच्या कोनात वर करून, टाकीत थोडेच इंधन ठेवून, कार्बोरेटरच्या तोंडाशी नळी सोडवून मोजमाप करावे. केवळ उतारावर वाहणाऱ्या यंत्रणेत उड्डाणाच्या वेळच्या गरजेच्या १५० टक्के आणि पंप असल्यास १२५ टक्के प्रवाह मिळायला हवा. म्हणजे इंजिन तासाला ४० लिटर पीत असेल, तर अनुक्रमे ६० आणि ५० लिटर. तो कमी भरला, तर टाकी जोडताना वापरलेल्या सीलंटचे तुकडे जाळीत अडकले आहेत का, ते पाहावे.

इंजिन काही वेळ नीट चालून बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच हवा आत खेचल्याचा आवाज येतो, तर दोष व्हेंटचा, म्हणजे टाकीत बाहेरची हवा येऊ देणाऱ्या नळीचा असतो. बंद जागेत घर करणाऱ्या गांधीलमाश्यांना ही बारीक नळी फार आवडते. गरम इंजिन थांबवून लगेच सुरू केल्यावर ते दगा देत असेल, तर एक्झॉस्टजवळून गेलेल्या नळीत इंधनाची वाफ होत असण्याचा संभव तपासावा.

कार्बोरेटरमधील बर्फाबाबतची चूक वेगळीच आहे. दमट हवेत २० अंश सेल्सिअसलाही बर्फ साचू शकतो. त्यावर उपाय म्हणून कार्बोरेटरमध्ये उष्ण हवा सोडल्यावर तो वितळून पाणी इंजिनात जाते आणि इंजिन क्षणभर अधिकच खोकते. घाबरून वैमानिक उष्ण हवा बंद करतो आणि उपाय अर्ध्यावर राहतो.

मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव व्यवसायानेच वैमानिक आहेत. बहुतेक हौशींचा उड्डाणानुभव मात्र तुटपुंजा असतो आणि उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले की त्यांचा हात धावपट्टीकडे वळतो. ४५ अंशांच्या कलात उंची राखून वळताना स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग) सुमारे १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांना ४१ टक्क्यांनी वाढतो, आणि मागची धावपट्टी पुन्हा समोर आणण्यासाठी १८० अंशांहून अधिक वळावे लागते. म्हणून सरावासाठी सुरक्षित उंचीवर जाऊन इंजिनाची शक्ती कमी करावी, मनातल्या मनात चार सेकंद गोंधळात घालवावेत, मग वळावे आणि किती उंची गेली ते मोजावे. त्यात भरपूर वाढ धरून तो आकडा पॅनेलवर चिकटवावा. त्याच्या खाली असताना नाक खाली करून समोर दिसेल त्या मोकळ्या जागेकडेच जावे.