रिझ्यूममध्ये इंटरप्ट आधी उठतो, बस मागून

आय-टू-सी बसवरच्या (चिपा जोडणारी दोन तारांची बस) टचचा किंवा सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर लिहायला घेतलेल्या नव्या मंडळींसाठी हे. प्रोब, थ्रेडेड इंटरप्ट वगैरे येतं असं धरून चालतोय, नसेल येत तर सस्पेंडच्या, म्हणजे मशीन झोपवायच्या, वाटेला इतक्यात जाऊच नका.

लक्षण असं की आरटीसीवेकने (घड्याळाच्या अलार्मवर उठवणारी कमांड) मशीन झोपवलं-उठवलं तर सगळं झकास, रात्रभर लूप चालवा, काही होत नाही. पण स्क्रीनला बोट लावून उठवलं की टच मेलेला आणि लॉगमध्ये मायनस १३ (ईअॅक्सेस एरर) किंवा टाइमआउट. मग आपण टचच्या फर्मवेअरवर संशय घेत बसतो, मीही बसलो होतो.

घोळ आहे क्रमात, सावकाश वाचा. झोपताना ड्रायव्हरचे सस्पेंड, सस्पेंड लेट हे कॉलबॅक, मग कर्नल डिव्हाइसचे इंटरप्ट बंद करतो, मग सस्पेंड नोआयआरक्यू (इंटरप्ट बंद असतानाची फेज). उठताना उलटं, म्हणजे रिझ्यूम नोआयआरक्यू, मग इंटरप्ट चालू, मग रिझ्यूम अर्ली आणि शेवटी साधा रिझ्यूम. आता बस कंट्रोलरचा ड्रायव्हर आपलं क्लॉक साध्या रिझ्यूममध्ये चालू करत असेल तर? बोटाचा इंटरप्ट पेंडिंग पडलेलाच असतो, इंटरप्ट चालू झाले रे झाले की तुमचा हँडलर धावतो, बसवर वाचायला जातो आणि बस अजून झोपलेली. रनटाइम पीएमही (मशीन चालू असताना एकेक डिव्हाइस झोपवणारी-उठवणारी यंत्रणा) रिझ्यूम अर्लीपर्यंत बंद, म्हणून तो मायनस १३. स्टेटस रजिस्टर वाचलंच नाही तर चिप लाइन सोडत नाही, एज ट्रिगर (लाइन बदलते त्या क्षणीच इंटरप्ट) असेल तर पुढची एज येणारच नाही आणि टच कायमचा गप्प. लेव्हल ट्रिगर (लाइन धरलेली असेपर्यंत इंटरप्ट) असेल तर बस उठेपर्यंत हँडलरचा नुसता धुमाकूळ. 'पेरेंट आधी उठतो, मग चाइल्ड' हे सगळ्यांना पाठ असतं, पण ती हमी कॉलबॅकची आहे, हँडलरची नाही!

इथे कुणीतरी हमखास सांगणार, इंटरप्टला आयआरक्यूएफ नो सस्पेंड (झोपतानाही हा इंटरप्ट बंद करू नको) हा फ्लॅग टाक, चालून जाईल. अजिबात टाकू नका. त्याने हँडलर नोआयआरक्यू फेजमध्येही धावतो, म्हणजे आणखी आधी, आणि मशीन उठेलच याची खात्रीही तो फ्लॅग देत नाही. लाइन शेअर्ड असेल तर शेजाऱ्याचा हँडलरही त्यात भरडला जातो. लॉग न बघता फ्लॅग सुचवणारा सिनियर कितीही मोठा असो, त्याचं ऐकून घ्या आणि सोडून द्या.

घाबरू नका, उपाय लहान आहे. कंट्रोलरचा कोड हातात असेल तर त्याचं सस्पेंड-रिझ्यूम नोआयआरक्यू फेजमध्ये न्या. नसेल तर आपल्या ड्रायव्हरच्या सस्पेंडमध्ये डिसेबल आयआरक्यू आणि रिझ्यूममध्ये इनेबल, तोवर बस उठलेली असते. वेक सेटिंग (या इंटरप्टने मशीन उठवायचं की नाही) वेगळं असतं, इंटरप्ट डिसेबल असला तरी इनेबल आयआरक्यू वेक लावलेलं असेल तर मशीन उठायला हवं, नाही उठलं तर इंटरप्ट चिपचा ड्रायव्हर तपासा. फक्त डिसेबल आयआरक्यू स्वतःच्याच हँडलरमधून बोलवू नका, तो हँडलर संपायची वाट बघत बसतो, म्हणजे डेडलॉक.

टेस्टसाठी दर वेळी खरं झोपवायची गरज नाही. पीएम डीबग हा कॉन्फिग पर्याय लावून कर्नल बिल्ड करा, बूटला नो कन्सोल सस्पेंड द्या (लॉग दिसत राहतो) आणि पीएम टेस्ट या सिसएफएस फाइलमध्ये 'प्लॅटफॉर्म' लिहून सस्पेंड सुरू करा. 'डिव्हाइसेस' नको, तो नोआयआरक्यूपर्यंत पोचतच नाही. प्लॅटफॉर्मवर कर्नल ५ सेकंद थांबून परत फिरतो, त्या ५ सेकंदांतच स्क्रीनला बोट लावा.