ताकद, ताट, पैसा आणि धाडस: या चुका टाळा

जिममध्ये नवा आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो वजनाचा: किती उचलू? पैसे गुंतवायला निघालेला विचारतो, परतावा किती मिळेल? नोकरी सोडून स्वतःचं काही उभं करू पाहणारा विचारतो, चालेल ना? तिन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो: हा ताण घेतल्यावर मी सावरणार कसा, आणि किती दिवसांत? व्यायाम, खाणं, पैसा आणि धाडस हे चार विषय मी इथे एकत्र घेतोय ते याच प्रश्नापायी. ताण घ्यायला माणसं हौसेनं तयार असतात, सावरण्याची सोय मात्र कुणी करून ठेवत नाही, आणि पुढचे बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

रोज कमाल वजन आजमावणं

ताकद कमावणं वेगळं आणि आजमावणं वेगळं. एका दमात जास्तीत जास्त किती वजन उठतं हे बघणं म्हणजे आजमावणं. त्यात अंग पार थकतं, पण स्नायू वाढायला लागतं तेवढं काम होतच नाही. बेंच प्रेसच्या, म्हणजे पाठीवर पडून वजनाचा दांडा (बार) छातीवरून वर ढकलायच्या व्यायामाच्या, बाकावर हे दृश्य नेहमी दिसतं. बार छातीवर येतो, डोक्याशी उभा असलेला मित्र दोन्ही हातांनी तो ओढतो आणि वर 'तूच उचललंस, तूच उचललंस' म्हणतो. प्रत्यक्षात निम्मं वजन मित्राच्या खांद्यांनी उचललेलं असतं. अशानं महिनोन्महिने आकडा जागचा हलत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं जखमी सैनिकांचे गुडघे आणि मांड्या पुन्हा बळकट करण्यासाठी वजनांचा पद्धतशीर वापर सुरू केला. १९४५ साली त्यानं ही पद्धत प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा की वजन टप्प्याटप्प्यानं वाढवत न्यायचं. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला तो प्रत्येकी १० रेप्सचे ७ ते १० सेट करून घ्यायचा (वजन एकदा उचलून खाली आणणं म्हणजे एक रेप, न थांबता केलेल्या रेप्सचा गट म्हणजे सेट). काही वर्षांच्या अनुभवानंतर त्यानं ते ३ सेटवर आणले: १० वेळा जेमतेम उठेल अशा वजनाच्या निम्म्यानं पहिला सेट, पाऊण वजनानं दुसरा आणि पूर्ण वजनानं तिसरा. कमी कामात फळ मिळतंय हे दिसल्यावर त्यानं काम कमी केलं. आपल्यापैकी किती जणांची ही हिंमत होते?

आपली कमाल किती हे जाणून घ्यायचंच असेल तर आकडेमोड पुरते. उचललेलं वजन घ्या, त्याला रेप्सच्या संख्येनं गुणून ३० नं भागा आणि येईल ते मूळ वजनात मिळवा. ६० किलो ५ वेळा स्वच्छ उठत असेल तर एकदाच उचलायची कमाल साधारण ७० किलो येते. त्यासाठी पाठ पणाला लावावी लागत नाही.

वजन अडकलं की काय करायचं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण घाईत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. समजा स्क्वॅट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठक मारणं, ८० किलोवर अडकलाय. व्यायामाच्या वहीत मागच्या खेपेला तीन सेटचे रेप्स ५, ५, ४ असे लिहिलेत आणि आज ५, ४, ३ आलं. अशा वेळी लोक आधी कार्यक्रम बदलतात, नवा व्यायाम शोधतात, नवे बूट घेतात. तसं करू नका. आधी दोन सेटच्या मधली विश्रांती बघा. जड स्क्वॅटला तीन मिनिटं तरी हवीत, आणि फोन बघता बघता मिळालेली सव्वा मिनिटाची विश्रांती पुरत नाही. मग मागच्या चार-पाच रात्रींची झोप आठवा. मग खाणं. मग वजन वाढवण्याचा टप्पा तपासा: बहुतेक जिममध्ये सर्वांत छोटी प्लेट १.२५ किलोची असते, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक लावली की अडीच किलो वाढतात. ज्यांनी पाच-पाच, दहा-दहा किलोंच्या उड्या मारल्या ते लवकर अडकतात. हे सगळं ठीक असूनही सलग दोन-तीन खेपा रेप्स पूर्ण होत नसतील तर वजन १० टक्के उतरवा, ८० चे ७२ करा, आणि तिथून पुन्हा चढत या. पहिल्या आठवड्यात ७२ हलकं वाटेल. ते हलकंच वाटायला हवं.

अडकलेल्या स्क्वॅटचा व्हिडिओ बाजूनं काढून बघा. खालून उठताना कंबर आधी वर येते, छाती पुढे झुकते आणि मांड्यांचं काम पाठीच्या खालच्या भागावर येऊन पडतं. हा दोष जड वजनावर दिसतो, पण तो दुरुस्त होतो हलक्या वजनावर. खाली गेल्यावर सेकंदभर थांबा, आणि उठताना छाती आणि कंबर एकाच वेळी वर आणा.

दुखण्याबद्दल थोडक्यात. व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू ठणकले तर घाबरायचं कारण नाही. सांध्यात तीक्ष्ण कळ येत असेल, किंवा मुंग्या पायाच्या बोटांपर्यंत उतरत असतील, तर त्या दिवशी थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. हे सहन करण्यात कसलाही पुरुषार्थ नाही.

पोट मारून ताकद मागणं

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. ते सगळे स्वेच्छेनं आले होते. सुमारे २४ आठवडे त्यांना गरजेच्या जवळपास निम्मं अन्न दिलं गेलं आणि त्यांचं वजन जवळजवळ चौथ्या हिश्श्यानं घटलं. ताकद घटली हे ओघानं आलंच. पण या तरुणांच्या मनात अन्नाशिवाय दुसरं काही उरलं नाही, ते चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. 'डाएट'मध्ये स्वतःला मनानं कमकुवत ठरवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. पोट फार मारलं की मन अन्नाभोवतीच घुटमळतं, धडधाकट माणसाचंसुद्धा.

वजन कमी करायचं असेल तर रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी घेतल्या तरी भागतं. एवढ्या तुटीत व्यायाम टिकतो, झोप टिकते आणि माणूस घरच्यांशी नीट बोलतो.

आता नेहमीची तक्रार: 'मी इतकं मोजून खातो, तरी वजन हलत नाही.' आठवड्याचा हिशोब मांडून बघा. पाच दिवस रोज ४०० कॅलरींची तूट म्हणजे २००० झाल्या. सुट्टीच्या दोन दिवसांत रोज हजार जास्त गेल्या की त्याही २०००. सात दिवसांची बेरीज शून्य. पाच दिवस खरोखर निग्रहानं काढलेले असतात, म्हणूनच माणसाला हे पटत नाही. उपाय असा की पाच दिवसांची तूट थोडी सैल करा आणि सुट्टीचे दिवस थोडे आवरा. वजन रोज सकाळी करा, पण निर्णय आठवड्याच्या सरासरीवर घ्या. एका दिवसात किलोभर वर-खाली होतं ते बहुतेक पाणीच असतं.

प्रोटीनबाबत दोन टोकं दिसतात. प्रौढांसाठी शिफारस केलेलं किमान प्रमाण शरीराच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम आहे, आणि ते निरोगी राहण्यापुरतं आहे. वजनं उचलणाऱ्यानं १.६ ग्रॅमच्या आसपास राहावं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसाला ११२ ग्रॅम. याच्या दुप्पट-तिप्पट खाऊन त्या मानानं जास्त स्नायू मिळत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे आकडे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा. पावडरीचे डबे चांगले किंवा वाईट असं काही नाही, पण ताटातलं प्रोटीन मोजण्याआधी डबा आणणं म्हणजे पाया मोजण्याआधी रंग निवडणं. पूरक म्हणून खात्रीनं काही घ्यायचंच असेल तर साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट (जड, थोडक्यातल्या जोरासाठी स्नायूंना ऊर्जा पुरवणारी पावडर), रोज ३ ते ५ ग्रॅम. त्यापलीकडच्या बहुतेक बाटल्यांवर पैसे घालवू नका.

पैशाची उशी नसताना जोखीम घेणं

पैशात सर्वांत महागडी चूक मला वाटते ती म्हणजे एकीकडे क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवून दुसरीकडे गुंतवणूक करणं. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. चक्रवाढीनं वर्षाला ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. खात्रीनं इतका परतावा देणारी गुंतवणूक जगात कुठेही नाही. म्हणून ते कर्ज फेडणं हीच त्या वेळची सर्वोत्तम गुंतवणूक.

दुसरी चूक आणीबाणीच्या पैशाची. तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च पटकन हाती येईल असा वेगळा ठेवावा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि फार थोड्यांकडे तो असतो. या पैशावर परतावा कमी मिळतो म्हणून लोक कुरकुरतात. पण त्याचं काम परतावा देण्याचं नाहीच. बाजार पडलेला असताना नेमकी नोकरी गेली, तर तोट्यात विकायला लागू नये, यासाठी तो आहे. ५० टक्के तोटा भरून काढायला उरलेल्या पैशावर १०० टक्के नफा व्हावा लागतो. एकदा सक्तीनं विकलं की सावरायला भांडवलच शिल्लक राहत नाही.

उलट टोकही तितकंच घातक आहे. भीतीपोटी सगळी रक्कम नुसती पडून ठेवली आणि महागाई ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर साधारण बारा वर्षांत त्या पैशाची खरेदीची ताकद निम्मी होते. (७२ ला दरानं भागलं की वर्षांचा अंदाज येतो.) गुंतवणुकीवरचं शुल्कही बघा. ८ टक्क्यांनी ३० वर्षांत पैसे दहापट होतात, एक टक्का शुल्क गेलं की साडेसातपट. एका टक्क्यानं जवळपास पाव रक्कम नेली.

उत्पन्न वाढलं की खर्च आपोआप वाढतो, हेही नेहमीचंच. वाढीतला निम्मा भाग पहिल्याच महिन्यात परस्पर बचतीकडे वळवा. एकदा हातात खेळायला लागलेला पैसा मागे घेणं जड जातं.

धाडसाचा अर्थ चुकीचा लावणं

धाडस म्हणजे सगळं पणाला लावणं, अशी एक समजूत आहे. मला ती धोकादायक वाटते, कारण तिच्यामुळे काही माणसं उगाच बुडतात आणि उरलेली त्यांच्याकडे बघून कायमची जागच्या जागी बसतात.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की जेवढा लाभ झाल्याचा आनंद होतो, त्यापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख जास्त बोचतं. त्यामुळे कुठल्याही मोठ्या निर्णयापाशी आपली भीती मुळातच फुगलेली असते. दुसरीकडे थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात पश्चात्तापावर काम केलं. त्यांना आढळलं की जवळच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टींचा पस्तावा जास्त होतो, आणि आयुष्याकडे वळून बघताना न केलेल्या गोष्टींचा. आज जी भीती खरी वाटते ती पुढे विरते. न केलेलं मात्र मनात राहून जातं.

म्हणून अडलेल्या निर्णयासाठी मी भावना तपासायला सांगत नाही, कागद घ्यायला सांगतो. नोकरी सोडायची आहे? साठवलेली रक्कम महिन्याच्या खऱ्या खर्चानं भागा. खर्च अंदाजानं धरू नका, मागच्या सहा महिन्यांची खात्याची नोंद काढा. अंदाज नेहमी कमी निघतो. उत्तर चार महिने आलं तर अजून थांबा. चौदा आलं तर तुम्हाला अडवणारं कारण पैसा नाहीये. मग खाली लिहा: हे पूर्ण फसलं तर मला पुन्हा आजच्या जागी यायला किती महिने लागतील? कुणाकडे परत काम मागता येईल, नावानिशी लिहा. ज्या फसण्यातून वर्ष-दोन वर्षांत सावरता येतं ते धाडस जरूर करा. ज्यातून सावरताच येत नाही, म्हणजे घर, प्रकृती किंवा दुसऱ्याचा विश्वास कायमचा जाईल असं काही, त्याला नाही म्हणा. समोरचा कितीही भित्रा म्हणो.

ज्यांची वही नियमित भरते, ज्यांच्याकडे वर्षभराचा खर्च बाजूला आहे, डोक्यावर कर्ज नाही, आणि तरीही जे 'अजून थोडी तयारी' म्हणत वर्षामागून वर्ष काढतात, त्यांच्याबद्दल मला जास्त तळमळ वाटते. त्यांनी ताकद कमावली, पण ती वापरलीच नाही. यातले तुम्ही असाल तर निर्णय छोट्या वजनावर आणा, पण तारीख घालून. व्यवसाय करायचाय तर नोकरीत असतानाच या महिनाअखेरीपर्यंत एक पैसे देणारा ग्राहक मिळवा, ओळखीतला नको. दुसऱ्या शहरात जायचंय तर सुट्टीत तिथे दोन आठवडे भाड्यानं राहा आणि कामावर असल्यासारखे दिवस काढा. कुणाला मनातलं सांगायचंय तर ते याच आठवड्यात सांगा, तिथे छोटं वजन नसतं.

आणि चारही आघाड्यांवर एकदमच अडकल्यासारखं वाटत असेल, बार जड, भूक अनावर, खर्च हाताबाहेर, निर्णय होईनात, तर दोन आठवडे काहीही नवं सुरू न करता आधी रात्रीची सात-आठ तास झोप लावा. वजनं चालू ठेवा, पण १० टक्के कमी करून. त्या दोन आठवड्यांत राजीनामा लिहू नका आणि कर्जावर सही करू नका.