साइटवरचा ब्लूटूथ स्पीकर: डबा दणकट, बाकीचं नाजूक. या चुका टाळा

बांधकामाच्या साइटवरचा स्पीकर पडून मेल्याचं मी फार कमी वेळा पाहिलंय. आमचा एक जिन्यावरून गडगडत खाली आला होता. शेवटच्या पायरीशी थांबला तेव्हा गाण्याचं तेच कडवं चालू होतं. रबरी कोपरे, जाड जाळी, भोवतीचा पिंजरा हे सगळं त्यासाठीच असतं. पण तोच स्पीकर पुढे महिन्याभरात गेला. घाईत कुणीतरी जुन्या लॅपटॉपचा अडॅप्टर लावला. पिन बसली, दिवा क्षणभर लागला आणि करपल्याचा वास आला. स्पीकर मागत होता १२ व्होल्ट, अडॅप्टर देत होता १९.

साइटसाठी बनवलेला असतो तो डबा. त्याला जोडलेला अडॅप्टर, वायर, बॅटरी, मोबाइल यांना साइटची सवय नसते. बहुतेक चुका तिथेच होतात.

पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला?

गोल पिनेचं माप अनेक उपकरणांत सारखंच असतं, आतला हिशेब वेगळा. पिनेच्या भोकाशेजारी किंवा मागच्या लेबलवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, आणि ठिपका व अर्धवर्तुळाची एक छोटी आकृती असते. पिनेच्या मध्यात अधिक आहे की उणे, ते ती आकृती सांगते. व्होल्ट तेच हवेत, आकृतीही तीच हवी. अँपिअर मात्र जास्त चालतात, कमी चालत नाहीत. १२ व्होल्ट १.५ अँपिअरच्या स्पीकरला १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर बिनधास्त लावा. स्पीकर लागेल तेवढाच करंट ओढेल. १ अँपिअरचा लावला तर हळू आवाजात सगळं ठीक चालेल आणि ठेका जोरात आला की स्पीकर बंद पडून पुन्हा चालू होईल. असला ‘बिघडलेला’ स्पीकर दुरुस्तीला नेणारे कमी नाहीत. आपल्या अडॅप्टरवर मार्करने ‘स्पीकर’ असं लिहून ठेवा. पाच सेकंदांचं काम आहे.

यापेक्षा घातक चूक म्हणजे अडॅप्टर उघड्यावर वापरणं. स्पीकरवर आयपी५४ किंवा आयपी६५ छापलेलं पाहून लोक निर्धास्त होतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा: ५४ म्हणजे धूळ बऱ्यापैकी अडते आणि उडालेलं पाणी चालतं; ६५ म्हणजे धूळ आत जातच नाही आणि पाण्याची धारही सोसते; ६७ असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास. पण हे आकडे सगळी रबरी झाकणं घट्ट बंद असतानाचे. अडॅप्टरची पिन खुपसायला झाकण उघडलं की तो आकडा गेला. आणि अडॅप्टर स्वतः तर बहुधा घरातल्या कोरड्या भिंतीसाठीच केलेला असतो. क्युरिंगचं (काँक्रीट ओलं ठेवायचं) पाणी मारलेल्या स्लॅबवर एक्स्टेंशन बोर्ड, बोर्डात अडॅप्टर आणि शेजारी चपलेतले ओले पाय, हे दृश्य दिसलं तर गाणी नंतर, आधी मेन स्विच.

माझा नियम सरळ आहे: बाहेर आणि ओलीत फक्त बॅटरी. आत, कोरड्यात अडॅप्टर लावायचाच तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागच्या सॉकेटला. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो आणि फरक पडला की क्षणात वीज तोडतो. ‘एमसीबी आहे ना’ हे उत्तर चालणार नाही. एमसीबी करंट फार वाढला तरच पडतो. तो वायर वाचवतो, माणूस नाही.

वेल्डिंग मशीन किंवा मोठा कटर ज्या बोर्डावर आहे, त्यावर स्पीकर लावू नका. मशीन चालू-बंद होताना व्होल्टेज खाली-वर उसळ्या मारतं आणि त्या उसळ्या अडॅप्टर मुकाट गिळत राहतो, एक दिवस मरेपर्यंत. छोट्या जनरेटरवरही हीच गत.

आणखी एक गैरसमज. अडॅप्टर लावला की आतला बॅटरी पॅक आपोआप चार्ज होतो, असं गृहीत धरून लोक रात्रभर लावून जातात. अनेक मॉडेलमध्ये अडॅप्टर फक्त स्पीकर चालवतो. पॅक वेगळ्या चार्जरवरच भरावा लागतो. माहितीपत्रकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं.

बॅटरी पॅक

अशा स्पीकरला लागणारा ड्रिलचा १८ व्होल्टचा पॅक म्हणजे आत ३.६ व्होल्टचे ५ लिथियम सेल एकामागे एक. पूर्ण भरल्यावर तोच पॅक २० व्होल्टच्या वर दिसतो, म्हणून कुणी १८ लिहितं, कुणी २० कमाल. आकडे जुळले म्हणून एका कंपनीचा पॅक दुसऱ्या कंपनीच्या स्पीकरला जोडायला स्वस्त प्लेटी मिळतात. त्या वापरू नका. पॅक किती उतरला, किती तापला, याची खबर काही कंपन्यांचे पॅक जादाच्या धातूच्या पट्ट्यांमधून उपकरणाला देतात आणि वीज तोडायचं काम उपकरणावर सोडतात. प्लेट ही बातचीत तोडते. मग स्पीकर सेलला पार निचरून काढतो. इतक्या खाली गेलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं असतं, आणि हुशार चार्जर तसा पॅक घेतही नाही.

पॅक किती वेळ पुरेल? व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॅट-अवर. स्पीकर सरासरी १० वॅट खात असेल तर ९ तास, आवाज चढवून २० वर नेला तर साडेचार. त्याच स्पीकरच्या यूएसबीला दोघांचे मोबाइल लटकवले तर तोही हिशेब यातूनच वजा. दुपारनंतर ड्रिलला पॅक उरत नाही तो असा.

बंद स्पीकरमध्ये पॅक ठेवून सुट्टीवर जाऊ नका. घड्याळ आणि रिमोटची वाट बघणारी सर्किटं थोडी थोडी वीज खातच असतात. घड्याळासाठी पेन्सिल सेल असतील तर तेही काढा. वर्षभर विसरलेले सेल पाझरतात आणि पट्ट्या खातात.

सुटा पॅक स्क्रूच्या पाउचमध्ये टाकणं ही मी स्वतः केलेली चूक. दोन स्क्रू पट्ट्यांवर आडवे पडले. कमरेला चटका बसला म्हणून पाउच सोडून फेकलं, तर स्क्रू निळे पडलेले. पॅकचं टोपण तेव्हापासून हरवलेलं नाही.

तापमानाचंही पथ्य आहे. लिथियम पॅक ० ते ४५ अंश सेल्सिअसच्या बाहेर चार्ज करायचा नसतो. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे ठेवलेला पॅक तडक चार्जरवर चढवू नका, आधी सावलीत निवू द्या. फुगलेला, फुटलेला, गोड रसायनी वास येणारा पॅक वापरातून कायमचा बाद. तो जळाऊ सामानापासून दूर, उघड्यावर ठेवा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्या.

ग्राइंडरशेजारी ठेवू नका

यावर कुणी फारसं बोलत नाही. स्पीकरच्या आत मोठं चुंबक असतं. ग्राइंडरने सळई कापताना जो बारीक लोखंडी कीस उडतो, तो या चुंबकाकडे ओढला जातो. शाळेत कागदावर लोहकीस टाकून आकृती काढायचा प्रयोग आठवतोय? तसंच. एकदा एका खरखरणाऱ्या स्पीकरची जाळी काढली, तर आवाज काढणाऱ्या पडद्याच्या मधल्या टोपीवर लोखंडाची दाढी उगवली होती. हा कीस पडद्याच्या कडेने आत, कॉइल (पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) आणि चुंबकाच्या फटीत पोचला, तर खरखर कायमची. वरवर असेल तोवर चिकटपट्टीचा तुकडा हलक्या हाताने टेकवून उचलता येतो. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. धूळ आणखी आत जाते आणि पडदाही फाटतो.

सिमेंटची धूळ कोरड्या मऊ ब्रशने, मग ओलसर फडक्याने. थिनरचं फडकं बाहेरच्या प्लास्टिकला तडे पाडतं. आणि थिनर, स्प्रे रंग, रसायनी गोंद यांच्या वाफा कोंडलेल्या खोलीत स्पीकर नकोच. पॅक बसवताना पट्ट्यांशी उडणारी एक ठिणगीही तिथे पुरते.

आवाज

मशीनच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज चढवणं ही सगळ्यांत रोजची चूक. अमेरिकेच्या निऑश या संस्थेची शिफारस आहे: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. म्हणजे ९७ डेसिबलला अर्धा तास. ग्राइंडर कानाशी तेवढा आवाज सहज करतो. त्याच्या बरोबरीने स्पीकरही ९७ वर नेला, तर मिळून १०० होतात आणि अर्ध्या तासाचा पाव तास उरतो. मशीन चालू असताना गाणं ऐकू येणारच नाही, हे मान्य करा.

उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणून एका टोकाला बोंबलणाऱ्या मोठ्या स्पीकरपेक्षा काम चालू आहे तिथे जवळ ठेवलेला छोटा बरा. वरून कुणी ‘खाली बघ’ ओरडलं किंवा मागे येणाऱ्या डंपरचा भोंगा वाजला, तर तो गाण्यावर ऐकू आलाच पाहिजे. तो ऐकू येत नसेल तर गाण्याचा आवाज जास्त आहे, मग ते कितीही छान वाटो.

परांचीच्या फळीवर ठेवू नका. ठेक्याच्या कंपनाने स्पीकर इंचाइंचाने सरकतो. डब्याला काही होणार नाही, खालच्या माणसाला होईल.

बिघाड वाटतो, पण नसतो

गाणं मध्येच तुटतं: ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. मागच्या खिशातला मोबाइल आणि पोटासमोरचा स्पीकर, मध्ये तुम्ही. मोबाइल छातीच्या खिशात ठेवा. मध्ये सळईची भिंत किंवा लोखंडी पेटी असेल तर दोघांना एकाच खोलीत आणा.

मोबाइल जुळतच नाही: स्पीकर बहुतेक वेळा कालच्या मोबाइलला चिकटलेला असतो आणि तो मोबाइल शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी खिशात असतो. त्याचं ब्लूटूथ बंद करायला सांगा.

पॅकचे दिवे पूर्ण भरलेले, तरी मोठ्या आवाजाला बंद पडतो: दुसरा पॅक लावून बघा. चालला तर पहिल्या पॅकमधला एखादा सेल दमलाय. नाही चालला तर पट्ट्यांवर सिमेंट बसलंय का बघा. पॅक काढून कोरड्या फडक्याने पुसा.

पाणी आत गेलं: चालू करून ‘बघू’ नका. पॅक काढा, जाळी खाली करून पाणी निथळू द्या, मग दोनेक दिवस हवेशीर सावलीत. हॉट एअर गन लावली तर पडद्याचा गोंद सुटतो.

स्पीकरमधल्या रेडिओला गुणगुण येते: अडॅप्टर काढून पॅकवर चालवा. गुणगुण थांबली तर दोष अडॅप्टरचा, तो बदला. वायरने जोडलेला मोबाइल त्याच बोर्डावर चार्ज होत असताना घरघर येत असेल, तर चार्जर काढा किंवा वायर सोडून ब्लूटूथवर या.